तेलाच्या जहाजावर सोयापेंडीचा भाव

डॉलर मध्ये न आणता दोन देशांनी एकमेकांच्या मालाची फेड मालानेच करणे, म्हणजेच प्रतिव्यापार, हा दिल्लीच्या अखत्यारीतला विषय समजून वऱ्हाडातील व्यापारी बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात अकोला-अमरावतीच्या बाजार समित्यांतील हर्रासापर्यंत त्याची झळ पोचते. अशा व्यवहारात निव्वळ वस्तुविनिमय क्वचितच होतो. बहुधा बँकेत एक खाते उघडून आयातीची रक्कम त्यात जमा केली जाते आणि निर्यातदाराचे बिल त्यातूनच चुकते होते. सोव्हिएत संघाशी अनेक दशके चाललेला रुपयातील व्यापार याच पायावर उभा होता.

इराणचा दाखला वऱ्हाडाला अधिक जवळचा आहे. अमेरिकी निर्बंधांमुळे अडचण झाल्यावर २०१२ मध्ये इराणी तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम युको बँकेत रुपयांत भरण्याचे ठरले आणि त्या रुपयांतून इराण बासमती, चहा, औषधे व सोयापेंड घेऊ लागला. सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरणारी ही पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, दाण्याच्या वजनाच्या सुमारे चार-पंचमांश भरते, त्यामुळे तिचा उठाव मंदावला की शेतकऱ्याच्या पदरी पडणारा भावही उतरतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपून भारताने इराणी तेल घेणे थांबवले, तेव्हा खात्यात नवे रुपये येईनासे झाले आणि पेंडीला गिऱ्हाईक असूनही वसुलीची शाश्वती उरली नाही.

रशियाबाबत उलटे घडले. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी बँकांना भारतात रुपयांची विशेष व्होस्ट्रो खाती उघडू दिली. परंतु भारताची तेलखरेदी मोठी आणि रशियाची उलट खरेदी तुटपुंजी असल्याने अब्जावधी रुपये पडून राहिल्याचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी मे २०२३ मध्ये गोव्यात बोलून दाखवले.

म्यानमारशी २०२१ मध्ये झालेल्या पाच वर्षांच्या करारात दरसाल एक लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद घेण्याचे ठरले, आणि २०२४ पासून कडधान्यांचे पैसे रुपया-क्यात व्यवस्थेतून देता येऊ लागले. अकोल्याच्या डाळ गिरण्यांना यातून कच्चा माल मिळतो, तर वऱ्हाडच्या तूर उत्पादकाला भावाची स्पर्धा सोसावी लागते. म्हणून तुरीपोटी जमा होणाऱ्या रुपयांतून म्यानमारने काय घ्यावे, हे ठरताना विदर्भातील सुताचे नाव यादीत असावे, असा आग्रह येथील व्यापारी संघटनांनी वाणिज्य मंत्रालयाकडे धरणे न्याय्य ठरेल. निर्यातदारानेही सौदा पक्का करण्याआधी खात्यात शिल्लक किती आणि ती कोणत्या आयातीवर भरते, हे बँकेकडून लेखी घ्यावे.