तिसऱ्या भाषेचा रकाना

मार्च उजाडला की गोव्यातल्या आमच्या पाळी गावात काजू आणि फॉर्म एकदमच पिकतात. सकाळी बोंडू गोळा करायला गेलेली माणसे दुपारी दारात भेटली, की भावाची चौकशी झाल्यावर बोलणे हटकून मुलांवर येते. तुमच्याने काय घेतले? संस्कृत का? आणि ते कामाचे काय ठरवले? पूर्वी ही चर्चा जूनच्या पहिल्या पावसापर्यंत लांबवता यायची. २०२५ साली सहावीपासूनचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले आणि ती सवलत गेली. आता काजूच्या भट्ट्या पेटलेल्या असतानाच निकाल लावावा लागतो.

यंदा असाच एक फॉर्म माझी धाकटी बहीण घेऊन आली. भाची आठवीत जायची आहे. "तू पेपरात लिहितेस ना, मग सांग काय भरू," असे म्हणून तिने तो माझ्यासमोर ठेवला. फॉर्म एका पानाचा. एका रकान्यात तिसरी भाषा, दुसऱ्यात कामाचा विषय, खाली पालकांची सही.

भाषेच्या रकान्यावरून त्यांच्या घरात आठवडाभर वाद चालू होता. बहिणीला कोकणी हवी. कारण सरळ आहे: सरकारी नोकरीच्या जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक म्हणून मागतात, मराठीचे असले तर बरे म्हणून. मेव्हण्यांना संस्कृत हवे, कारण त्यात गुण पडतात असे त्यांना त्यांच्या साहेबाने सांगितले आहे. सासूबाईंना मराठी सोडलेली चालणार नाही. नात पोथी वाचून दाखवते, जत्रेच्या नाटकात काम करते, ते पुढे कोणी करायचे? भाचीला विचारले तर ती म्हणाली, "माझी मैत्रीण घेईल ते."

चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मैत्रिणीच्या कारणातसुद्धा. शेजारच्या बाकावर ओळखीचे कोणी असले की शाळेत जावेसे वाटते. पण नोकरीचे कारण थोडे तपासून घ्यावे. आमच्या डिचोली-पेडण्याच्या घरांचे वळण जुने आहे: बोलायचे कोकणीत, लिहायचे-वाचायचे मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही सोय ठेवली. त्यावरून आजवर पुष्कळ रणे माजली, पण घरातले वळण काही बदलले नाही. कोकणी या मुलीच्या तोंडात आहेच. कोकणीची लिपीही मराठीचीच. मराठी सफाईने वाचणाऱ्या मुलीला कोकणी वाचायला थोडा सराव पुरतो, आणि नोकरीची परीक्षा आठ-दहा वर्षे लांब आहे. संस्कृतबद्दल माझे काही म्हणणे नाही, आवड असेल तर जरूर घ्यावे. मात्र ज्या भाषेचे धडे परीक्षेनंतर कोणी उघडत नाही, ती केवळ टक्क्यांसाठी घेतली तर टक्क्यांपलीकडे हाती फारसे लागत नाही.

मी बहिणीला एकच विचारले: कोणी सांगितले नसताना तिने शेवटचे पुस्तक कुठल्या भाषेत वाचले? उत्तर मराठी निघाले. मग मराठी ठेव, म्हटले. मूल आपणहून वाचते ती भाषा बाराव्या-तेराव्या वर्षी सुटू देऊ नये, बाकीच्या भाषा तिच्या आधाराने येतात.

इथवर लिहून थांबता आले असते. पण फॉर्म पुन्हा पाहताना लक्षात आले, की या मुलीच्या शिक्षणातली सगळ्यात मोठी निवड या कागदावर नाही आणि आधीच्या कुठल्या कागदावरही नव्हती. चौथीपर्यंत ती गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकली. पाचवीला हायस्कूलात गेली आणि परिसर, गणित, इतिहास सगळे एका जूनमध्ये इंग्रजीत गेले. त्याबद्दल घरात ना वाद झाला ना चर्चा. पाचवी म्हणजे इंग्रजी, हे आमच्याकडे पावसाळ्यासारखे गृहीत असते.

गोव्याने माध्यमावरून भांडायचे बाकी ठेवलेले नाही. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी आणि कोकणी माध्यमापुरते ठेवण्याचा निर्णय झाला. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि काकोडकर पुन्हा त्या आंदोलनात उतरल्या. त्यापायी राजकारण ढवळून निघाले. पण हे सारे भांडण पहिली ते चौथीचे. पाचवीच्या उंबरठ्यावर मराठी मुलाचे काय होते, यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत व त्यापुढेही घरच्या भाषेत शिकवावे. आमच्याकडे ती चौथीतच संपते.

पुढे वर्गात काय चालते, ते गावातल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. बाई धडा इंग्रजीत वाचतात, समजावतात कोकणी-मराठीत, आणि उत्तरे फळ्यावर इंग्रजीत लिहून देतात. मुले ती पाठ करतात. पाठांतर ज्याचे चांगले, तो विज्ञानात हुशार. ज्याचे अडखळते, तो विज्ञानात कच्चा. सातवी-आठवीत पोचेपर्यंत हा शेरा घट्ट बसतो. मग विषय निवडताना आपण प्रगतिपुस्तक उघडतो, विज्ञानाचे गुण बघतो आणि म्हणतो, हिला विज्ञान झेपत नाही, वाणिज्यच बरे. ते गुण विज्ञानाचे असतात की इंग्रजीचे, हे कोणी तपासत नाही.

भाचीच्या प्रगतिपुस्तकातही विज्ञान सगळ्यात खाली होते. पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतींवरच्या उत्तरपत्रिकेत ऊर्ध्वपातनाच्या प्रश्नाला भोपळा मिळालेला. त्याच सुमारास ती आजोळच्या काजूच्या भट्टीवर आली होती. तिला म्हटले, काय चालले आहे ते मला सांग. तिने सगळे सांगितले. भाणात, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या भांड्यात, आंबलेला रस उकळतो. त्यातला दारूचा अंश पाण्याच्या आधी वाफ होतो, म्हणून आच बेताची ठेवतात. वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती गार करायच्या भांड्यात, जाते. लावणीवर गार पाणी ओततात म्हणून तिचे पुन्हा थेंब होतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा असाच उकळून गाळला की फेणी. "मग दुसऱ्यांदा कडक का होते?" असे विचारले तर क्षणभर थांबून म्हणाली, "पाणी मागे राहते ना!" या उत्तराला कुठल्याही परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते, फक्त ते इंग्रजीत नव्हते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, भाचीच्या उत्तराला शून्य मिळाले.

म्हणून यंदा मी ओळखीच्या प्रत्येक पालकाला एकच गोष्ट सांगते आहे. मूल अमुक विषयात कच्चे असे ठरवण्याआधी तो धडा त्याच्याकडून घरच्या भाषेत ऐका. नीट सांगता आला, तर अडचण इंग्रजीची आहे आणि उपायही इंग्रजीचा करायचा आहे. विषय सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. घरच्या भाषेतही सांगता आला नाही, तर मात्र विषयाकडे पुन्हा वळून पाहावे लागेल.

फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यात कामाचा विषय. नव्या धोरणानुसार सहावीपासून मुलांना हाताच्या कामाची ओळख करून द्यायची आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याचे तीन भाग केले आहेत: झाडे-जनावरांशी संबंधित काम, यंत्रे आणि वस्तूंचे काम, माणसांच्या सेवेचे काम. एनसीईआरटीने सहावीसाठी 'कौशल बोध' नावाचे पुस्तकही काढले. गोव्यात त्याआधीच सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजना आली. गोव्यात नववीला नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले असून तिथे कौशल्याचा विषय आहेच. तेव्हा आठवीत हात कशाला लागतो, त्याला महत्त्व आहे.

या रकान्यावर आल्यावर मेव्हणे म्हणाले, "स्कोप कशाला आहे ते बघू." 'स्कोप' म्हटले की मला पाळीच्या रस्त्यावरचे ट्रक आठवतात. एक काळ असा होता की आमच्या भागात सगळ्यात जास्त स्कोप खाणीला होता. दहावीत पुस्तके मिटून ट्रकवर चढलेला मुलगा पदवी घेऊन घरी बसलेल्या भावापेक्षा जास्त कमवत होता, त्याला मूर्ख कोण म्हणणार? सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मधे काही काळ सुरू झाल्या आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. कर्जाचे ट्रक अंगणात उभे राहिले आणि चालकाला दुसरे काही येत नव्हते. लिलाव होऊन डिचोलीत पुन्हा उत्खनन सुरू झाले ते २०२४ मध्ये. बारा वर्षांच्या मुलाच्या विशीत कशाला मागणी असेल, हे खाणमालकांनाही कळले नव्हते, आपल्याला फॉर्म भरताना कुठून कळणार?

कोडिंग शिकू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण केवळ स्कोपवर विषय ठरवणे हा आमच्या गावाने एकदा खेळून झालेला डाव आहे. त्यापेक्षा मूल कशात वेळ विसरते ते बघावे. भाचीने यादीतून वीजजोडणी निवडली. बहिणीच्या तोंडून लगेच "पोरगी वायरमन होणार काय?" असे आले, आणि शिवण बरी, असेही. यादीतला शिवण-सौंदर्याचा विषय मुलींसमोर सरकतो आणि यंत्रांचा मुलांसमोर, हे शाळेने ठरवलेले नसते, ते आपण घरी ठरवतो. बहिणीच्याच घरी मिक्सर बिघडला की हीच मुलगी आधी प्लग उघडून बघते. वायरमन झाली तरी बिघडले काय? डिचोलीच्या आयटीआयपासून उसगावच्या टायर कारखान्यापर्यंत सगळीकडे विजेचे काम आहे, आणि त्यातली मुलगी अजून दुर्मीळ आहे.

निवड झाल्यावर मी एक सुचवले: जाऊन विचार, शिकवणार कोण? फॉर्मवर विषयाचे नाव छापलेले असते, शिक्षकाचे नसते. कौशल्याच्या विषयांना पुष्कळदा कंत्राटी शिक्षक असतात, एखादा चांगला माणूस वर्षाच्या मध्येच दुसरीकडे जातो आणि उरलेले महिने वही पूर्ण करण्यात जातात. मला ठाऊक असलेल्या एका शाळेत संगणकाची खोली आहे, कुलूपही आहे आणि किल्ली बहुधा रजेवर असते. म्हणून पालकांनी विचारावे: आठवड्याला तास किती, वर्गात साहित्य किती, शिक्षक वर्षभर असणार का? मराठी चांगली शिकवणाऱ्या बाई संस्कृतच्या नवख्या शिक्षकापेक्षा केव्हाही बऱ्या, आणि उलट असेल तर उलट.

धोरणात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम पाहावे, हात लावावा. आमच्या तालुक्याला हे दहा दिवस कमीच पडावेत. डिचोलीच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत, कुंभारांची घरे आहेत, गावोगावी पेटी-पखवाजाचे जाणकार आहेत. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांसाठी नेपथ्य उभे करणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे लोक याच वाड्यांत राहतात. भाचीला वीजजोडणी शिकवायला नाटकाचा प्रकाशयोजनाकार पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल. पण शाळेने त्याला बोलावले पाहिजे, आणि पालकांपैकी कोणी तरी त्याचे नाव सुचवले पाहिजे. नाही तर दप्तराविना दिवस म्हणजे बसने मये तलावावर जाऊन परत येणे, इतकाच अर्थ उरतो.

फॉर्म शनिवारी परत द्यायचा आहे. भाषेत मराठी, कामात वीजजोडणी, असे बहिणीने पेन्सिलीने लिहिले आहे; मेव्हणे संस्कृतवरून अजून पुरते उतरलेले नाहीत. सहीआधी ती शाळेत जाऊन विज्ञानाच्या बाईंना भेटणार आहे. विचारायचे एवढेच, की परीक्षा इंग्रजीतच असू दे, पण घटक चाचणीआधी मुलांकडून धडा एकदा तोंडी, त्यांच्या भाषेत ऐकून घ्याल का? बाई स्वतः याच तालुक्यातल्या आहेत, नाही म्हणणार नाहीत असे वाटते. त्यांच्याकडे पन्नास मिनिटांत चाळीस मुले असतात, म्हणून बहीण एकटी न जाता वर्गातल्या आणखी चार-पाच आयांना सोबत नेणार आहे. एकीने विचारले तर शाळा ती एका मुलीची अडचण मानते. सगळ्याजणींनी विचारले, तर वेळापत्रकात एखादा तास निघू शकतो. आणि तो निघाला, तर फॉर्ममधल्या दोन्ही रकान्यांपेक्षा त्या तासाने या मुलांचे जास्त भले होईल.