यंत्र आपलं, भाडं त्यांना

कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन दुकानं पालथी घालणारे आपण सॉफ्टवेअरचं बिल मात्र डोळे झाकून भरतो. जरा हिशेब करू. मायक्रोसॉफ्ट ३६५ची एका माणसाची वार्षिक वर्गणी अमेरिकेत जानेवारी २०२५मध्ये सुमारे ७० डॉलरवरून १०० वर गेली. पाच वर्षांचे ५०० डॉलर झाले. तेवढ्यात बरा लॅपटॉप येतो. वर्गणी थांबवली, की त्यांच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये आपल्याच फाइली वाचता येतात, बदलता येत नाहीत. याला खरेदी म्हणत नाहीत, भाडं म्हणतात.

दुसरा फटका यंत्राला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. म्हणून २०१६चा धडधाकट लॅपटॉपही अडगळीत जातो.

‘आपण सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, मग फुकटाचं कौतुक कशाला?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. कौशल्याचे दाम जरूर द्यावेत; कुलपाचे का द्यायचे? ऑफिसात एक्सेल लागतं, ते कंपनी देते. मुलांचा गृहपाठ आणि मंडळाचा जमाखर्च लिब्रेऑफिसमध्ये आरामात होतो. त्याचे मेनू मराठीतही आहेत.

तेव्हा मराठी शाळेसाठी नव्या लॅपटॉपचा ठराव करण्याआधी एका जुन्यावर लिनक्स टाका, महिनाभर मुलांच्या हाती द्या. मग खुशाल मतदान घ्या. वर्गणीदारांचे पैसे आहेत ते.