खरखरीच्या बाजूने

आमच्या पुतण्याने ध्वनिमुद्रिका काढली ही बातमी कळंबात पसरायला फारसा वेळ लागला नाही. ती बिघडलेली निघाली, ही बातमी मात्र तिच्याही आधी पोचली.

ध्वनिमुद्रिका म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीने. तबकडी नाही, फीत नाही, हातात धरावं असं काहीच नाही. अल्बम म्हणतात. पुतण्याने तो ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत बसून, एकट्याने, लॅपटॉपवर केला. गायक नाही, तबलजी नाही, पेटी नाही. आमच्या गल्लीतल्या गिरणीचा पट्टा आहे, मांजरेकाठच्या मोटारपंपाची घरघर आहे, आणि माझ्या आईची, म्हणजे त्याच्या आजीची, १९८४ सालची कॅसेट आहे. तिच्यातही जिथे फीत चुरगळली होती, नेमका तोच तुकडा त्याने घेतलाय. एक अक्षर अडखळतं, पुन्हा अडखळतं, आणि मग सगळं धुक्यात गेल्यासारखं लांबत राहतं.

पहिल्या श्रवणाला बैठकीच्या खोलीत सात-आठ जाणकार जमले. सहाव्या मिनिटाला तात्या उठले आणि त्यांनी स्पीकरला एक थप्पड ठेवून दिली. आमच्याकडे दुरुस्तीची हीच पद्धत. "बिघडलंय रं तुझं यंत्र!" सगळे हसले. मीही हसलो, आणि वर "दुकानदाराकडून पैसे परत घे" असा विनोद केला. पुतण्याने वायर काढली, गुंडाळली आणि आत गेला. पुढच्याच आठवड्यात त्याने स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरला. नुसता फॉर्म भरल्याचे पेढे वाटले गेले. मला ते गोड लागले नाहीत, आणि आज जे भांडायला बसलोय ते त्या पेढ्यांमुळे.

तात्या आणि मंडळींचा मुद्दा एकच : हे संगीत नव्हे, बिघाड आहे. बरं. मग बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकायला तुम्ही आमच्या ओट्यावर जमत होता, तेव्हा काय ऐकत होता? अमीन सायानींचा आवाज भरती-ओहोटीसारखा यायचा, जायचा. अर्धं गाणं शिट्टी आणि खरखर. एकाही बुधवारी तात्यांनी रेडिओला हात लावल्याचं मला आठवत नाही. उलट दुसऱ्या कुणी लावला तर ओरडायचे.

शास्त्रीय संगीताचा दाखला देणाऱ्यांनी तर जपूनच बोलावं. मिरजेचा तंबोरा घ्या. त्याची जवारी (ज्वारी नव्हे, ती पोत्यात) काढायची म्हणजे तार घोडीला पुसटशी घासेल अशी घोडी तासायची, आणि वर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. तार स्वच्छ वाजू नये म्हणून केलेला हा खटाटोप! त्या घासण्यातूनच ती झंकार निघते. आणि गोंधळ्याचं तुणतुणं? रात्रभर एकच स्वर. कुणी मुद्दाम ऐकत नाही. पण थांबलं की सगळे दचकतात.

हेच साहेबाला कळायला १९७५ साल उजाडलं. ब्रायन ईनो नावाचा इंग्रज संगीतकार टॅक्सीच्या अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. मैत्रीण हार्पची तबकडी देऊन गेली. आवाज फार बारीक, एक बाजू मुकी, बाहेर पाऊस, आणि उठायचं बळ नाही. तात्यांसारखी थप्पड मारता येईना, म्हणून त्याने पडल्या पडल्या पावसात मिसळलेलं ते ऐकलं, आणि १९७८ साली विमानतळावर वाट बघणाऱ्यांसाठी एक अख्खी तबकडी केली. पुढे १९९०च्या दशकात ओव्हल नावाच्या जर्मन मंडळींनी सीडींवर पेनने रेघोट्या ओढल्या आणि त्या अडखळण्याचं संगीत केलं. आमच्याकडे हे काम घरोघरची पोरं फुकट करीत होती, तो भाग वेगळा.

आणि आपण काय केलं? मुंबईत चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे गृहस्थ होते. १९८२ साली त्यांनी तीन जपानी यंत्रं जोडून दहा राग वाजवले आणि तबकडी काढली. ती काही अशी निवांत नव्हे, डिस्कोच्या ठेक्यावरची. पण माणूस एकटा आणि यंत्रं, एवढं सारखं. तबकडी खपली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा जग म्हणालं, अरे, शिकागोवाल्यांनी १९८७ साली गाजवलं त्याच जातीचं हे त्याच्या पाच वर्षं आधीचं! सत्तरी ओलांडल्यावर त्यांना परदेशातून बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. मधली अठ्ठावीस वर्षं आपल्यापैकी कुणीतरी स्पीकरला थप्पड मारत होतं.

अल्बम सगळाच उत्तम आहे असं मी म्हणत नाही. चौथा तुकडा म्हणजे आमच्या फ्रिजचा आवाज आहे असा मला दाट संशय आहे. पण आईचा तुकडा मला कळतो. तीच कॅसेट मी एकदा शहरात देऊन साफ करून आणली होती. खरखर गेली. खरखरीबरोबर जात्याची घरघरही गेली (डाळ भरडताना गात होती ती), आणि आई आकाशवाणीवर बातम्या देते आहे असं वाटायला लागलं. पुतण्याच्या तुकड्यात जातं आहे.

हे मी त्याला सांगितलं. तो "बरं काका" म्हणाला, आणि चालू घडामोडींचं पुस्तक मिटलं.

परवा मीच पुन्हा मंडळी जमवली. तात्यांना स्पीकरपासून लांब बसवलं. दहाव्या मिनिटाला वीज गेली. स्पीकर मुका झाला. बाहेर रातकिडे, लांबवर कुणाचा तरी जनरेटर, मधूनच एक कुत्रं. पुतण्या मोबाइलचा उजेड पाडायला चाचपडू लागला, तर अंधारातून तात्यांचा आवाज आला,

"हालू नगंस रं. हेवढाच तुकडा बरा झालाय."