रात्री दहा वाजता ‘नाही’ कोणी म्हणायचे?

गोव्याला परिषदांचे आणि विवाहसोहळ्यांचे केंद्र बनवण्याची भाषा आता नवी नाही. 1983 साली राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख येथे अनौपचारिक बैठकीसाठी जमले होते. 2016 मध्ये ब्रिक्स शिखर परिषद, 2023 मध्ये जी-20च्या बैठका आणि 2024 मध्ये बेतुल येथे भारत ऊर्जा सप्ताह झाला. किनाऱ्यावरील हॉटेलांत मोसमात परराज्यांतील लग्ने लागतात. या साऱ्याची चर्चा खोल्या, विमाने आणि महसूल यांभोवतीच फिरते. प्रत्यक्ष सोहळा ज्याच्या खांद्यावर उभा असतो, तो बँक्वेट मॅनेजर मात्र चर्चेत कुठेच नसतो.

त्याचे काम केवळ जेवणावळींची देखरेख नव्हे. विक्री विभागाने यजमानाशी ठरवलेल्या गोष्टी एका कार्यपत्रकात उतरतात: पाहुण्यांची किमान हमी दिलेली संख्या, आसनरचना, पदार्थ, वेळा, ध्वनियंत्रणा. सकाळी परिषदेसाठी रांगांनी मांडलेले सभागृह सायंकाळच्या स्वागत समारंभासाठी काही तासांत गोल मेजांनी सजवायचे असते. तीनशेची हमी असताना साडेतीनशे पाहुणे आले, तर स्वयंपाकघराला तो सांभाळतो. सभागृहाच्या क्षमतेपेक्षा अधिक माणसे आली, तर मात्र प्रश्न ताटांचा उरत नाही, सुरक्षिततेचा होतो.

खरी कसोटी रात्री दहाला लागते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिवर्धकाला मनाई आहे. बँक्वेट हॉलसारख्या बंदिस्त जागांना त्यातून सवलत आहे, तीही आवाज आतल्या आत राहावा या अपेक्षेने. हिरवळीवरचे संगीत दहाला थांबले की यजमान कार्यक्रम सभागृहात हलवायला सांगतात. बाहेरची गर्दी एकदम आत येते. नियम पाळताना दुसरा धोका निर्माण होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

हा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत 25 जणांचा बळी गेला आणि मृतांत बहुसंख्य तेथील कर्मचारीच होते. नाइट क्लब आणि हॉटेलचे सभागृह यांत फरक आहे. पण आतषबाजी, ज्वलनशील सजावट आणि अरुंद निर्गमनमार्ग यांचे गणित दोन्हीकडे सारखेच असते, आणि संकटात सर्वांत शेवटी बाहेर पडतो तो स्वयंपाकघरातला माणूस.

संगीताच्या परवान्यांचीही तीच कथा आहे. कॉपीराइट कायद्यात विवाहविधी आणि त्याच्याशी निगडित सोहळ्यांना सवलत आहे. तिचा आधार घेऊन राज्य सरकारने 2024 च्या आरंभी परिपत्रक काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. कायद्यातील सवलत कायम असली, तरी एखादा कार्यक्रम तिच्या कक्षेत येतो की नाही, हा प्रश्न परिपत्रकाने मिटलेला नाही. ऐन वरातीच्या वेळी परवाना विचारला गेला, तर उत्तर देण्यासाठी पुन्हा तोच माणूस उभा असतो.

उत्तरदायित्व त्याचे आणि अधिकार दुसऱ्यांचे, ही या व्यवस्थेतली मूळ विसंगती आहे. लाखोंचे आरक्षण देणाऱ्या यजमानाला ‘नाही’ म्हणणे मासिक वेतनावरच्या माणसाला सोपे नसते. म्हणून तो नकार आधीच लिखित करारात असायला हवा. संगीत थांबवण्याची वेळ, पाहुण्यांची कमाल मर्यादा आणि सभागृहात आतषबाजीला बंदी या अटी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच यजमानाने मान्य केलेल्या असाव्यात. अट मोडल्यास कार्यक्रम थांबवण्याचा लेखी अधिकार बँक्वेट मॅनेजरला व्यवस्थापनाने द्यावा आणि त्या निर्णयात विक्री विभागाने ढवळाढवळ करू नये. सरकारने प्रत्येक सभागृहाची मंजूर क्षमता दारावर लावणे सक्तीचे करावे आणि आवश्यक परवान्यांची एकच सुस्पष्ट यादी प्रसिद्ध करावी.

दुर्घटनेनंतर तपासण्या होतात, टाळी ठोकली जातात, मग मोसम सुरू होतो आणि सारे पूर्वपदावर येते. परिषदा आणि लग्ने गोव्याला हवीच आहेत. त्यांवर असंख्य कुटुंबे पोसली जातात. मात्र पर्यटन धोरणात भव्य सभागृहांना जेवढी जागा मिळते, तेवढीच त्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उभ्या असलेल्या माणसाच्या अधिकारांनाही मिळायला हवी.