समुद्रकाठची महागडी हॉटेले आणि आपली जुनी घरे

समुद्रकाठी दहा-वीस खोल्यांचे, पण भारी भाड्याचे हॉटेल काढायचे, हा धंदा गोव्यात चांगला रुळला आहे आणि कोकण किनाऱ्यावरही पाय रोवत आहे. अशा हॉटेलला बुटीक हॉटेल म्हणतात. बुटीक हा शब्द आपल्याला बायकांच्या कपड्यांच्या दुकानांवरून ठाऊक आहे. मूळ फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ दुकान एवढाच. 1984 मध्ये न्यूयॉर्कला मॉर्गन्स नावाचे हॉटेल निघाले. मोठी हॉटेले म्हणजे सगळा माल ठेवणारे अवाढव्य भांडार आणि आपले हॉटेल म्हणजे निवडक मालाचे छोटे दुकान, अशी तुलना त्याच्या चालकांनी केली आणि हे नाव पुढे सर्वत्र चालले. म्हणजे विषय दुकानदारीचाच आहे. आणि दुकानदाराने पहिला प्रश्न विचारावा तो हा की, येथे माल कोणता विकला जातो आणि तो माल कोणाचा आहे?

एका रात्रीचे दहा-वीस हजार रुपये मोजणारा पाहुणा नेमके काय विकत घेतो, हे नीट पाहा. पलंग आणि गरम पाणी साध्या लॉजमध्येही मिळते. समुद्र तर सर्वांना फुकट आहे. पाहुणा पैसे मोजतो ते जाड भिंतींच्या जुन्या घरासाठी, मधल्या चौकासाठी, कोरीव दरवाजासाठी, पितळी दिव्यासाठी, हातमागाच्या चादरीसाठी आणि त्या गावच्या घरगुती स्वयंपाकासाठी. या यादीतील किती वस्तू आपल्या घरांत आणि कारखान्यांत आहेत, हे वाचकांना सांगायला नको. तरीही या धंद्यात मालक म्हणून आपण कमी दिसतो. सुतार, पॉलिशवाले आणि आचारी म्हणून मात्र आपण सर्वत्र दिसतो.

याचा पुढचा परिणाम पाहायचा असेल तर श्रीलंकेतील गॉल शहराकडे पाहावे. कोलंबोच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या जमिनीवर गॉलचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो प्रथम बांधला आणि 1640 नंतर डचांनी मजबूत केला. एकोणिसाव्या शतकात आगबोटी येथे थांबत. पुढे कोलंबोचे बंदर बांधले गेले आणि गॉलचा व्यापार ओसरला. किल्ल्याच्या आत मुस्लिम कुटुंबांची मोठी वस्ती होती, आणि आजही बरीच कुटुंबे तेथे राहतात. रत्नांचा व्यापार हा त्यांचा जुना धंदा. तटालगत दीपगृहाजवळ 1904 मध्ये बांधलेली मीरान मशीद उभी आहे. 1988 मध्ये युनेस्कोने गॉलचे जुने शहर आणि तटबंदी यांना जागतिक वारसा ठरविले. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त झाले, पण जुन्या तटबंदीने आतील घरे बऱ्याच अंशी वाचविली.

त्याच सुमारास या घरांना नवे गिऱ्हाईक मिळाले. परदेशी माणसाने जमीन घेतल्यास किमतीएवढाच म्हणजे शंभर टक्के कर भरावा लागे. तो 2002 मध्ये उठला आणि 2004 मध्ये पुन्हा लागू झाला. मधल्या काळात परदेशी पैसा किल्ल्यात शिरला. पुढे 2014 मध्ये कायद्याने परदेशी व्यक्तींना जमीन विकण्यावरच मोठी बंधने आली, पण तोवर गल्लीगल्लीतील घरांचे मालक बदलले होते. चर्च स्ट्रीटवरील एका जुन्या रत्नव्यापाऱ्याच्या वाड्याचे गॉल फोर्ट हॉटेल झाले. जीर्णोद्धार इतका उत्तम झाला की, 2007 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. काम खरोखरच कौतुकाचे आहे. परंतु वाडा गेला तो गेला.

विकणारे लोक मूर्ख होते असे कोणी म्हणू नये. जुन्या घराची डागडुजी महाग असते, वारस अनेक असतात, मुलांना शहरात घर हवे असते, आणि समोर रोख रक्कम घेऊन माणूस उभा असतो. अशा वेळी कोणीही विकतो. दोष हिशोबाचा आहे. घराची किंमत दगड-लाकडाच्या भावाने ठरली आणि घेणाऱ्याने मात्र ती रात्रीच्या भाड्याच्या भावाने जोखली होती.

आपल्या कोकणात वेगळे काय आहे? रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील खाडीकाठच्या आणि समुद्रकाठच्या गावांत आपली जांभ्या दगडाची, कौलारू, प्रशस्त घरे आहेत. त्यांतील कित्येकांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. मालक मुंबईला, आखाती देशांत, आफ्रिकेत किंवा इंग्लंडमध्ये. मे महिन्यात किंवा ईदला येणे होते, तेव्हा कौले शाकारणे आणि वाळवी हाच विषय निघतो. मग दलाल येतो.

दलालाला उत्तर देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. समजा घरात सहा खोल्या निघतात. पावसाळा सोडला आणि वर्षात 120 रात्रीच घर भरले, रात्रीचे भाडे 7,000 रुपये धरले, तर वर्षाची विक्री 50,40,000 रुपये होते. त्यातील दोन तृतीयांश रक्कम नोकर, वीज, कर आणि दुरुस्तीत गेली तरी 16,80,000 रुपये उरतात. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचे खरे आकडे शेजारच्या चालू हॉटेलवरून काढावेत. पण अशी आकडेमोड केलेला मालक दलालासमोर वेगळ्या आवाजात बोलतो.

स्वतः हॉटेल चालविणे प्रत्येकाला जमणार नाही, आणि तसा हट्टही नसावा. घर ठराविक मुदतीसाठी भाडेपट्ट्याने द्यावे. दरमहा किमान भाडे आणि वर विक्रीवर टक्केवारी, असा करार करावा. वरील उदाहरणात विक्रीच्या दहा टक्के म्हटले तरी वर्षाला 5,04,000 रुपये होतात आणि घर आपलेच राहते. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत असलाच पाहिजे. त्याआधी बहिणींच्या हिश्शांसह सर्व वारसांची नावे दस्तऐवजावर चढवावीत, नाहीतर धंदा कोर्टात जातो. समुद्रालगत नवे बांधकाम करण्यावर 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. 2019 च्या अधिसूचनेने काही ठिकाणी ते सैल केले असले, तरी परवानगीवाचून वीट लावू नये. जुने, कायदेशीर उभे असलेले घर म्हणूनच तर मोलाचे आहे.

काही बुजुर्ग म्हणतील, बापजाद्यांच्या घरात परके लोक राहणार, दारू पिणार, हे आम्हाला पाहवणार नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याचेही उत्तर भाडेपट्ट्यातच आहे. आपल्या घरात जे चालू नये असे वाटते, ते करारात अटी म्हणून लिहिता येते. घर विकल्यावर मात्र तेथे काय चालते हे विचारण्याचाही हक्क उरत नाही.

आता कारागीर बंधूंविषयी. सहारनपूरचे कोरीव लाकूडकाम, मुरादाबादचे पितळ, औरंगाबादचा हिमरू हा माल अशा हॉटेलांना हवाच असतो. पण कारागीर आणि हॉटेल यांच्यामध्ये सजावट करणारा असतो, आणि कारागिराचे नाव त्याच्या बिलात बुडते. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, आपल्या मालाच्या नमुन्यांची वही आणि दरपत्रक करून थेट मालकाकडे जावे. दुसरा, केवळ माल विकून थांबू नये. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, पितळ काळे पडते, लाकूड फुगते. दर पावसाळ्यानंतर पॉलिश आणि दुरुस्ती करावीच लागते. त्या वार्षिक देखभालीचा करार मागावा. एकदाच्या विक्रीपेक्षा दरसालचे काम घर चालविते.

तिसरा उपाय उधारीचा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून असे पैसे वेळेवर न देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात दाखविता येत नाही. त्यामुळे मोठ्या गिऱ्हाइकाचा हिशेबनीसही आता तारीख पाहू लागतो. पण नोंदणी नसेल आणि चलनावर तारीख नसेल, तर हा कायदा कारागिराच्या काय कामाचा?

गॉलमध्ये आज पाहुणा चौकात बसून चहा घेतो, तेव्हा घर कोणी बांधले आणि त्यात कोण नांदले, हे त्याला भिंतीवरील पाटीवरून कळते. कोकणातील घरांच्या भिंतींवर अजून पाट्या लागलेल्या नाहीत. किल्ल्या अजून आपल्याच हातात आहेत. या मेच्या सुटीत घरचे सारे जमतील, तेव्हा वाळवीबरोबर हा हिशोबही बैठकीत निघावा.