घरचें शास्त्र : तबकडीचा खरा वेग

पलूस या गांवाचें नांव संगीताच्या इतिहासांत एका आडनांवानें कायम केलें आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या घराण्याचें आडनांव याच गांवावरून पडलें. त्यांचे चिरंजीव पं. दत्तात्रेय विष्णु पलुसकर हे १९५५ सालीं, वयाच्या ३४ व्या वर्षींच निवर्तले. त्यांचें गायन समक्ष ऐकलेले श्रोते आतां विरळा. नव्या पिढीला त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणांतूनच भेटावयाचा. अशा वेळीं घरांतील यंत्राचा वेग चुकला, तर मुलांचा गवयाविषयींच भलता ग्रह होतो.

याचें कारण सोपें आहे. तबकडी जलद फिरली कीं स्वर चढतो व लयही वाढते. लाखेच्या जुन्या तबकड्यांचा रूढ वेग मिनिटास ७८ फेरे. तेथें ८३ फेरे झाले, तर षड्ज सुमारें अर्ध्या स्वरानें वर जातो, आणि तीन मिनिटांची चीज ११ सेकंद आधींच संपते. ऐकणारा म्हणतो, "बुवांचा आवाज चिरका!" दोष मात्र यंत्राचा.

म्हणून आधीं मोजावें, मग बोलावें. तबकडीच्या कडेखालीं कागदाचा लहानसा कपटा बाहेर डोकावेल असा ठेवावा, सुई तबकडीवर टेकवावी आणि घड्याळ लावून एका मिनिटांतील फेरे मोजावे. सुई उचलून मोजूं नये. तिच्या ओझ्यानें वेग किंचित् उतरतो. चावीच्या यंत्रांत ही मोजणी तबकडीच्या आरंभीं व अखेरीस, अशी दोनदां करावी.

दोन्ही वेळां वेग सारखाच चुकत असेल, तर वेगाचा खटका थोडा थोडा सरकवून पुन्हा मोजावें. आरंभीं बरोबर व अखेरीस मंद असेल, तर चावी पुरी दिली होती कीं नाहीं तें पाहावें. दिली असल्यास कमानींतील वंगण सुकलें असावें. वेगनियामकाच्या चकतीवर घासणारा चामड्याचा तुकडा कोरडा पडला असेल, तर त्यास तेलाचा एखादा थेंब पुरतो. कमानीचा डबा मात्र घरीं उघडूं नये. गुंडाळलेली कमान उसळली तर हात फाटतो.

विजेच्या यंत्रांत बहुधा रबरी पट्टा सैल झालेला किंवा रबरी चाक कडक झालेलें आढळतें. अमेरिकेंतून चिरंजिवांनीं आणलेलें जुनें यंत्र मंद चालत असेल, तर कारण निराळें. तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, आपली ५० ची. त्यामुळें आवर्तनांवर चालणारें यंत्र येथें ७८ ऐवजीं ६५ च फेरे करतें. ट्रान्स्फॉर्मर विजेचा दाब उतरवतो, आवर्तनें बदलीत नाहीं. त्यास ५० आवर्तनांसाठीं केलेली कप्पीच बसवून घ्यावी.

एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. आपल्याकडे १९०२ सालीं ध्वनिमुद्रण सुरू झालें. त्या पहिल्या काळांतील सर्व तबकड्या नेमक्या ७८ च्या नाहींत. तेथें जाणत्यास विचारावें.

तबकडीच्या सुरांत सूर मिळवून ज्या घरांत नातवंडें गातात, तेथें तरी वडील माणसानें महिन्यांतून एकदां हे फेरे मोजावे. काम एका मिनिटाचें आहे. परंतु मुलांच्या कानांत बसलेला खोटा षड्ज काढावयास वर्षें लागतात.