बाजारपंडितांचा सल्ला आणि कामगाराची पुंजी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून दर महिनाअखेरीस कामगार निवृत्त होतात. पस्तीस वर्षे झोतभट्टीपुढे, कोक ओव्हनवर किंवा रेल मिलमध्ये राबलेल्या माणसाच्या हाती भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात एकदाच येणारी रक्कम पडते. कारखान्याचे क्वार्टर सोडावे लागते, मुलाला कायम नोकरी नसते. १९९५ च्या पेन्शन योजनेतील किमान मासिक पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले आणि पुढची दहा वर्षे त्यात एका पैशाची भर पडली नाही. बहुसंख्यांच्या पेन्शनचा हिशेबही १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच होतो. या रकमेचे करायचे काय, असा प्रश्न पडलेल्या या माणसापुढे सकाळी नऊपासून दूरदर्शन संचाच्या पडद्यावर हिंदी बाजारवाहिनीचा पंडित येऊन बसतो आणि आज काय घ्यावे, काय विकावे, हे छातीठोकपणे सांगू लागतो.

या पंडितावर सामान्य गुंतवणूकदाराने विश्वास ठेवावा काय? भांडवली अर्थतज्ज्ञांचे उत्तर ठरलेले आहे: पंडित नोंदणीकृत आहे की नाही ते पाहा, दोघांचा सल्ला ताडून पाहा, मग निर्णय घ्या. हे उत्तर दिशाभूल करणारे आहे. पंडित शहाणा आहे की अडाणी, हा मुळात प्रश्नच नाही. तो नेमके काय विकतो आणि कोणाला विकतो, हे पाहिले पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भांडवलबाजाराची नियामक संस्था सेबी हिने झी बिझनेस वाहिनीवरील पाच पाहुण्या तज्ज्ञांसह १५ जणांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. त्यात वर्णन केलेली रीत अतिशय साधी आहे. अमुक समभागाची आपण शिफारस करणार, ही बातमी तज्ज्ञ कार्यक्रमापूर्वीच काही व्यापाऱ्यांना देत. व्यापारी तो समभाग आधी घेऊन ठेवत. मग पडद्यावर शिफारस होई, हजारो प्रेक्षक खरेदीला धावत, भाव चढे, आणि त्या चढत्या भावात व्यापारी आपला माल त्याच प्रेक्षकांच्या गळ्यात बांधून मोकळे होत. ७ कोटी ४१ लाख रुपयांचा हा नफा सेबीने रोखून धरला. जानेवारी २०२१ मध्ये सीएनबीसी आवाज वाहिनीचा निवेदक हेमंत घई याच्यावर अशाच स्वरूपाचा ठपका आला. तेथे व्यवहार पत्नीच्या व आईच्या खात्यावरून झाल्याचे आदेशात म्हटले होते. जून २०२५ मध्ये अनेक वाहिन्यांवर झळकणारे दलाली पेढीचे सल्लागार संजीव भसीन यांच्यासह इतरांविरुद्ध अंतरिम आदेश निघाला आणि ११ कोटी ३७ लाख रुपये रोखण्यात आले. आरोप तोच: आधी स्वतः घेणे, मग लोकांना घ्यायला सांगणे, आणि लोक घेत असताना विकणे.

सट्टाबाजाराच्या मानाने या रकमा किरकोळ आहेत, पण त्यांच्यातून जे उघड होते ते किरकोळ नाही. अशा व्यवहारात पंडिताजवळचा खरा माल म्हणजे प्रेक्षकांची होऊ घातलेली खरेदी. ती तो आगाऊ विकतो. ज्याला आपण गिऱ्हाईक समजतो तो पडद्यापुढचा माणूस येथे विक्रीचा जिन्नस असतो. आणि चढ्या भावात समभाग घेतलेल्या त्या निवृत्त कामगाराला आपण लुटले गेलो हे कधी कळतही नाही. तो नशिबाला बोल लावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच वाहिनी लावतो.

यावर काही सज्जन म्हणतात की, हे मूठभर लबाडांचे काम आहे. सेबीने त्यांना पकडले, याचाच अर्थ व्यवस्था शाबूत आहे. व्यवहार २०२२ सालचे आणि आदेश २०२४ चा, ही ती शाबूत व्यवस्था! पण तो मुद्दा बाजूला ठेवू. एखादा पंडित धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे असे धरून चालू. तरी त्याला दर पाच मिनिटांनी मत द्यावेच लागते, कारण वाहिनी दिवसभर चालवायची असते. ‘आज काही करू नका’ असे सांगणारा पंडित दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. वाहिनीला जाहिराती देणाऱ्यांत दलाली पेढ्या आणि म्युच्युअल फंड असतात. दलालाची कमाई उलाढालीवर चालते, मग गिऱ्हाईक जिंको वा हरो. शिवाय वाहिन्यांचे मालक कोण? सीएनबीसी आवाज ज्या नेटवर्क-१८ समूहात आहे तो २०१४ मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाने घेतली. ज्यांच्या कंपन्यांचे समभाग बाजारात आहेत तेच त्या समभागांवर भाष्य करणाऱ्या पडद्याचे धनी!

भिलाईकराला दूरचे उदाहरण शोधायला नको. त्याचा कारखाना ज्या ‘सेल’ कंपनीचा आहे तिचाच समभाग पाहावा. २००८ च्या आरंभी त्याचा भाव अडीचशे रुपयांपलीकडे होता. मार्च २०२० च्या अखेरीस तो पंचवीसच्या खाली आला. मे २०२१ मध्ये पुन्हा शंभराच्या वर गेला. या सर्व काळात भिलाईत पोलाद वितळत होते, रूळ तयार होत होते आणि कामगार तिन्ही पाळ्यांत कामावर जात होते. मार्क्सने ज्याला आभासी भांडवल म्हटले त्याचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मिळणार नाही. (याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, केंद्र सरकारने ‘सेल’मधील आपला १० टक्के हिस्सा किमान ६४ रुपये भावाने विकून टाकला. सरकारला हा सल्ला कोणत्या पंडिताने दिला होता, कोण जाणे.)

आणि हरणाऱ्याचा पैसा जातो कोठे? सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनेच प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. दलाली, कर व शुल्क यांपोटीच त्यांनी सुमारे ५०,००० कोटी मोजले. २०२३-२४ या एका वर्षात, खर्च धरण्यापूर्वीचा हिशेब केला तर, स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या पेढ्यांना सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८,००० कोटी नफा झाला, आणि तो जवळजवळ सगळा संगणकी यंत्रणेने केलेल्या सौद्यांतून आला. समोर असे यंत्र आणि इकडे हातात मोबाईल घेऊन पडद्याकडे पाहणारा माणूस! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे. या व्यक्तींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली सांगितले होते, आणि २०२३-२४ मध्ये ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. म्हणजे निवृत्त बापाबरोबर त्याचा कंत्राटी मुलगाही या जात्यात आला आहे.

पंडितांच्या पंक्तीला राज्यकर्तेही बसले. मे २०२४ मध्ये, निवडणुका चालू असताना, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दूरदर्शन मुलाखतीत ४ जूनपूर्वी समभाग घेऊन ठेवण्याचा सल्ला दिला. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी प्रचंड बहुमताची द्वाही फिरवली; ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी चढला आणि ४ जूनला, प्रत्यक्ष मते मोजली जाताच, सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. त्या सल्ल्याची जबाबदारी कोणावरही पडली नाही.

मात्र आपल्याच चळवळीत या प्रश्नाकडे पाहण्याची एक चुकीची रीत आहे, तिचाही समाचार घेतला पाहिजे. ‘हाव सुटली, बुडाला’ असे म्हणून अनेक कार्यकर्ते या कामगाराला झटकून टाकतात. हा सोवळेपणा कामगारवर्गाच्या उपयोगाचा नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याबरोबर वसाहत, शाळा आणि रुग्णालयही आले. म्हातारपणाची काळजी हा कामगाराचा खाजगी जुगार आहे असे त्या वसाहतीत कोणी मानले नव्हते. कायम जागा घटत गेल्या, कंत्राटी भरती वाढत गेली. १ जानेवारी २०१७ पासून देय असलेल्या वेतनवाढीचा समझोता व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, आणि तोही ३० जून २०२१ चा संप झाल्यावर. ज्याला नियमित मिळकतीची हमी उरली नाही तो बाजाराकडे वळला, यात हावेपेक्षा भीतीचा भाग अधिक आहे. त्या भीतीवरच वाहिनीची दुकानदारी चालते.

तेव्हा निवृत्तीपूर्वीच्या वर्षात युनियनने या कामगाराला बोलावून बसवले पाहिजे. बँकेतील व टपाल खात्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा, सेबीच्या आदेशांतली ती रीत हिंदीत, छत्तीसगढीत आणि मराठीत समजावून सांगावी, आणि किमान पेन्शन वाढवण्याच्या मागणीवर त्याची सही घ्यावी. हे काम गेटवरच्या सभेत होणारे नाही. त्यासाठी एकेका सेक्टरमध्ये, एकेका क्वार्टरमध्ये जावे लागेल, आणि तेही बाजार सुरू होण्याच्या आत.